शिट्टीमागचा माणूस

उन्हाळ्यात चेन्नईच्या तापमानाची बातमी लागली की एक नाव हमखास कानावर पडतं, नुंगंबाक्कम. मीनंबाक्कम आणि नुंगंबाक्कम या दोन केंद्रांच्या नोंदींवरून शहराचा पारा सांगितला जातो. मे महिन्यात तो चाळिशी सहज ओलांडतो. त्यामुळे इथे मैदानी खेळ खेळायचा तर दोनच वेळा हाती असतात. एक ऊन चढण्यापूर्वीची, दुसरी ऊन कलल्यानंतरची.

तुम्ही कधी सकाळी सहाच्या लोकलने नुंगंबाक्कम स्टेशनवर उतरलात, तर शेजारीच लोयोला कॉलेजचं मोठं आवार दिसेल. १९२५ साली फ्रेंच जेझुइट फादर फ्रान्सिस बर्ट्राम यांनी सुरू केलेलं हे कॉलेज. बुद्धिबळातला विश्वनाथन आनंद इथलाच, टेनिसपटू विजय अमृतराजही इथलाच. फादर बर्ट्राम यांच्या नावाने इथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही भरतात. थोडं पुढे कॉलेज रोडवर विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे, ते १९१५ सालचं. शिकण्याची आणि खेळण्याची शंभर वर्षांची सवय असलेला हा भाग.

अशा कोणत्याही कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाजवळ पहाटे उभं राहा. चेंडूची एकसारखी धप् धप्, बुटांचा करकर आवाज, आणि मध्येच सगळं थांबवणारी एक शिट्टी. आपण बघतो ते पोरांकडे. कोण उंच उडी मारतो, कोणाचा नेम चांगला आहे, कोण दमलाय. शिट्टी वाजवणाऱ्याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. सामना जिंकला की खेळाडूंचे फोटो छापून येतात. हरला की सगळ्यांचं बोट कोचकडे वळतं.

आजचा लेख या शिट्टीमागच्या माणसाबद्दल आहे. आणि एका प्रश्नाबद्दलही. समजा, तुमच्या घरातलं कॉलेजात जाणारं मूल उद्या जेवताना म्हणालं, “मला नोकरीबिकरी नको, मला कोच व्हायचंय,” तर तुम्ही काय म्हणाल? उत्तर लगेच देऊ नका. आधी ही गोष्ट वाचा.

गाडीवरून आलेला शब्द

‘कोच’ हा शब्द मुळात गाडीचा. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथे उत्तम घोडागाड्या बनत, म्हणून त्या गाड्यांना गावाचं नाव पडलं. पुढे १९व्या शतकात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी गमतीने खासगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना कोच म्हणायला सुरुवात केली. कारण काय, तर हा मास्तर आपल्याला गाडीत बसवून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडतो! तिथून तो शब्द खेळात आला.

चेन्नईत याची एक मजा आहे. पेरांबूरला १९५५पासून रेल्वेचे डबे बनवणारी इंटिग्रल कोच फॅक्टरी आहे. सगळे तिला आयसीएफ म्हणतात. या कारखान्याचा स्वतःचा बास्केटबॉल संघही आहे. म्हणजे डबे बनवणाऱ्या कोच फॅक्टरीला संघासाठी वेगळा कोच लागतो! पण दोन्ही कोचचं काम एकच, लोकांना इथून तिथे पोहोचवायचं. पोहोचल्यावर प्रवासी उतरून जातो. डबा परत पुढच्या प्रवाशांसाठी निघतो.

खेळ शोधला, पण सामने हरला

कॉलेजच्या बास्केटबॉल कोचची परंपरा जिथून सुरू होते, तो माणूस म्हणजे जेम्स नेस्मिथ. कॅनडात १८६१ साली जन्म. नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने आई-वडील दोघेही गेले. नातेवाइकांकडे वाढला, शिकला आणि पुढे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाला.

१८९१चा डिसेंबर होता. बाहेर बर्फ, त्यामुळे फुटबॉल बंद. आत व्यायामशाळेत तेच ते कवायतीचे प्रकार करून १८ तरुणांचा एक वर्ग इतका कंटाळला होता की आधीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. संस्थेच्या प्रमुखांनी नेस्मिथना सांगितलं, दोन आठवड्यांत यांच्यासाठी काहीतरी नवीन खेळ काढा.

नेस्मिथनी व्यायामशाळेच्या देखभाल करणाऱ्या माणसाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. आज जगभरातल्या बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवरच असते, ती त्या कठड्यामुळे. कागदावर १३ नियम लिहिले, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि खेळ सुरू झाला. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू बाहेर काढायला शिडी लागली!

आता खरी गोष्ट पुढे आहे. १८९८ साली नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले कोच झाले. आपणच शोधलेला खेळ, आपणच कोच. निकाल काय लागला असेल? १८९९मधला पहिलाच सामना १६-५ असा हरले. १९०७पर्यंत त्यांनी कोच म्हणून काम केलं. जिंकलेले सामने ५५, हरलेले ६०. कॅन्ससच्या बास्केटबॉल संघाला आजवर अनेक कोच लाभले. त्यांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच, खुद्द नेस्मिथ!

त्यांना याचं फारसं दुःखही नव्हतं. ते डॉक्टर होते, धर्मोपदेशक होते, व्यायामाचे शिक्षक होते. खेळ हा माणूस घडवण्यासाठी आहे, अशी त्यांची धारणा. बास्केटबॉल शिकवण्यासाठी वेगळा कोच लागतो, हेच त्यांना फारसं पटत नसे. कितीदा तर ते स्वतःच्या संघाच्या सामन्यात पंचाचं काम करत.

मग नेस्मिथ अपयशी ठरले का? त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोघांकडे पाहा.

पहिला फॉग ॲलन. तो नेस्मिथ यांचाच विद्यार्थी. त्याने कॅन्ससला जवळपास चार दशकं कोचिंग केलं. संघ म्हणून कसं खेळायचं याचं शास्त्र बांधलं. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये यावं म्हणून धडपड केली. १९३६ साली बर्लिनमध्ये ते आलं. तेव्हा अमेरिकेतल्या कोच मंडळींनी वर्गणी गोळा करून म्हाताऱ्या नेस्मिथना तिथे पाठवलं. एका हिवाळ्यात कंटाळलेल्या १८ पोरांसाठी काढलेला खेळ देशोदेशीचे संघ खेळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

दुसरा जॉन मॅकलेंडन. हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३०च्या दशकात कॅन्ससला आला. वंशभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात खेळायची मुभा नव्हती. नेस्मिथनी त्याला जवळ केलं, शिकवलं. तो पुढे स्वतः कोच झाला. मार्च १९४४मध्ये त्याने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि ड्यूक विद्यापीठाच्या श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांचा सामना घडवून आणला. कायद्याच्या नजरेत तो गुन्हाच होता. म्हणून रविवारी सकाळी दारं बंद करून, प्रेक्षकांशिवाय तो सामना झाला. मॅकलेंडनचा संघ ८८-४४ने जिंकला. आणि त्यानंतर दोन्ही संघांतली पोरं मिसळून पुन्हा खेळली.

५५ विजय आणि ६० पराभव या हिशेबात हे सगळं कुठे मांडायचं?

स्प्रिंगफील्डहून मद्रासला

ज्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ जन्मला, तिथेच हॅरी क्रो बक हा पेनसिल्व्हेनियाचा तरुण शिकला. नेस्मिथ तोवर तिथून निघून गेले होते. पण विचार तोच होता, आधी शिकवणारे तयार करा, खेळणारे आपोआप तयार होतील.

बक भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी शाळा सुरू केली. पुढे ती अड्यार नदीकाठी नंदनमला प्रशस्त जागेत गेली. आज ती वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. नुंगंबाक्कमपासून गाडीने फार लांब नाही. भारतातली या प्रकारची ही पहिली संस्था. तमिळनाडूतच नव्हे, देशभरातल्या शाळा-कॉलेजांत शिट्टी घेऊन उभे राहिलेले कितीतरी ‘पी.टी. सर’ इथून शिकून गेले. बक यांनी खेळांच्या नियमांचं संकलन केलेलं पुस्तक क्रीडाशिक्षकांच्या कपाटात वर्षानुवर्षं असायचं. संस्थेच्या नियतकालिकाचं नाव तर आपल्याला ओळखीचंच वाटेल, ‘व्यायाम’.

आपल्या मराठी मुलखाचा धागा इथेच येऊन मिळतो. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सर दोराबजी टाटांनी पदरमोड करून भारतीय खेळाडू पाठवले. त्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या क्रीडास्पर्धांतून झाली होती. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघातून मॅरेथॉन धावले. चार वर्षांनी, १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारताचा संघ घेऊन जाणारे व्यवस्थापक होते मद्रासचे हॅरी बक. त्यानंतर प्रांतोप्रांती फिरून ऑलिम्पिक संघटना उभ्या करण्याच्या कामातही ते होते. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, दोराबजी तिचे अध्यक्ष झाले.

आणखी एक योगायोग सांगतो. १९३६च्या ज्या उन्हाळ्यात नेस्मिथ बर्लिनमध्ये आपला खेळ पाहत होते, त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनमध्ये होतं. कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार त्या पथकाने तिथे करून दाखवले. १९१४ साली अमरावतीच्या वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था आजही शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवते आहे.

बक १९४३ साली वारले, तेही कर्मभूमीतच. घरी परतून आरामात राहण्याची सोय असूनही, मद्रासच्या उन्हात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला.

मोजे घालायला शिकवणारे सर

कॉलेज कोच म्हटलं की अमेरिकेत पहिलं नाव येतं जॉन वुडन यांचं. मूळचे शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर. १९४८ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठात आले. देशभरातून निवडून आणलेली, उंचपुरी, नावाजलेली पोरं पहिल्या दिवशी सरावाला येत. वाटायचं, आता काहीतरी गुपित सांगणार. वुडन सर त्यांना शिकवायचे ते पायात मोजे कसे घालायचे!

मोज्याला टाचेवर किंवा करंगळीजवळ एक जरी चुणी राहिली तर पायाला फोड येतो. फोड आला की सराव बुडतो. सराव बुडला की सामना बुडतो. म्हणून मोजा नीट ओढा, बूट घट्ट बांधा. यामागचं त्यांचं साधं गणित असं होतं.

पण आकड्यांत नीट पाहा. १९४८ साली आलेल्या या माणसाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ साली. मधली सोळा वर्षं तो मोजेच शिकवत होता! ते धरून बारा वर्षांत दहा विजेतेपदं आली, त्यातली सात लागोपाठ. सलग ८८ सामने न हरण्याचा विक्रमही त्यातलाच. आपण मुलांना क्लासला घातलं की सहा महिन्यांत मेडल कधी असं विचारतो. त्या विद्यापीठाने सोळा वर्षं वाट पाहिली.

पॅट समिट यांची गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगा. १९७४ साली, अवघ्या २२व्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या कोच झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायची, खेळाडूंचे कपडे स्वतः धुवायचे. ३८ वर्षांत त्यांनी १,०९८ सामने जिंकले, आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांना याहून जास्त अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. २०११ साली त्यांना स्मृतिभ्रंशाच्या आजाराने गाठलं. त्यांनी ते लपवलं नाही. जगासमोर सांगितलं आणि आणखी एक हंगाम मैदानात उभ्या राहिल्या. २०१६ साली त्या गेल्या.

डीन स्मिथ हे फॉग ॲलनच्या संघातून खेळलेले, म्हणजे नेस्मिथ यांचे नातूशिष्यच. मायकेल जॉर्डन कॉलेजात असताना त्याचे कोच तेच. २०१५ साली ते वारले. काही आठवड्यांनी त्यांच्या जवळपास १८० जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली. सरांनी मृत्युपत्रात प्रत्येकाच्या नावे २०० डॉलर ठेवले होते, बाहेर कुठेतरी छान जेवून या म्हणून! जॉर्डनसारख्या कोट्यधीशालाही तेवढेच, बाकावर बसून राहिलेल्या पोरालाही तेवढेच.

चित्राची दुसरी बाजूही बघायला हवी. बॉब नाइट हेही असेच गाजलेले कोच, ९०० हून अधिक विजय नावावर. पण राग अनावर. १९८५ साली चालू सामन्यात त्यांनी कोर्टावर खुर्ची फेकली. खेळाडूंशी वागण्याबद्दल तक्रारी येत गेल्या आणि २००० साली विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. जिंकून देतो म्हणून कोचला सगळं माफ, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आपल्याकडचे पी.डी. सर

आता परत नुंगंबाक्कमला येऊ. तमिळनाडूतल्या कॉलेजांत खेळाच्या प्रमुखाला ‘पी.डी. सर’ किंवा ‘पी.डी. मॅडम’ म्हणतात, म्हणजे फिजिकल डायरेक्टर. महाराष्ट्रात आपण क्रीडा संचालक म्हणतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत कोचला कोट्यवधी रुपयांचा पगार, मदतनिसांची फौज आणि टीव्हीचे कॅमेरे असतात. आपल्याकडचा कोच पहाटे साडेपाचला कोर्टवर येतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, चेंडूंची जाळी आणि कधीकधी झाडूसुद्धा असतो.

चेन्नईत त्याची खरी परीक्षा ऑक्टोबरपासून. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा इथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. तो डिसेंबरपर्यंत चालतो आणि कॉलेज स्पर्धांचे दिवसही तेच. उघड्या कोर्टावर पाणी साचलं की ते खराट्याने ढकलायचं, फडक्याने पुसायचं आणि अर्धा तास तरी सराव करून घ्यायचा. ओल्या सिमेंटवर पोरांचा पाय घसरला तर घोटा गेला म्हणून समजा.

त्याशिवाय कागद. खेळाडू सामन्याला गेला की हजेरी बुडते. मग ‘ओडी’चं पत्र, म्हणजे हा विद्यार्थी कॉलेजच्या कामावर होता असा दाखला, प्रत्येक प्राध्यापकाकडे जाऊन समजावायचा. चौदा जणांची रेल्वे तिकिटं काढायची, आणि त्यातली निम्मी वेटिंगवर. जेवणभत्त्याचा हिशेब द्यायचा. एखाद्या मुलीच्या वडिलांना फोन करून समजवायचं की आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी तिला परगावी पाठवा, सोबत मॅडम आहेत. स्पोर्ट्स कोट्यातून आलेला मुलगा पहिल्या सत्रात तीन विषयांत नापास झाला तर त्याला रागवायचंही यांनीच आणि शिकवणीला बसवायचंही यांनीच.

हे कशासाठी? त्या एका चेंडूच्या जोरावर पुष्कळ घरांचं नशीब बदललं आहे, म्हणून. चेन्नईत दक्षिण रेल्वे, आयसीएफ, इंडियन बँक, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्थांनी बास्केटबॉलपटूंना नोकऱ्या दिल्या. कॉलेजच्या कोर्टावरून निघालेली वाट कायमच्या पगारापर्यंत जाते, हे इथल्या साध्या वस्तीतल्या घरांना ठाऊक आहे.

चेन्नईचीच अनिता पॉलदुराई घ्या. दक्षिण रेल्वेत नोकरी, एकोणिसाव्या वर्षी भारताची कर्णधार. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ती नऊ वेळा खेळली. आई झाल्यावरही पुन्हा सराव करून संघात परतली. २०१७ साली बंगळूरुला भारतीय महिलांनी आशिया करंडकाच्या ‘ब’ गटात अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. पुण्याची शिरीन लिमये हीसुद्धा त्याच संघातली. २०२१ साली अनिताला पद्मश्री मिळाली. अशी एक खेळाडू तयार होते, तेव्हा तिच्या मागे शाळेपासूनचे किती कोच उभे असतात! त्यांतल्या एकाचंही नाव आपण विचारत नाही.

मराठी माणसाला हे सांगायला शिवाजी पार्कवर जायला हवं. रमाकांत आचरेकर सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. दिवसभर बाद झाला नाही तर नाणं सचिनचं. २०१३ साली निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं की एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून. कौतुक न करता प्रेम करणारी ही जात फार जुनी आहे.

कोच व्हायचं असेल तर

घरातलं मूल खरंच या वाटेने जाणार असेल, तर वाट अशी आहे.

* पदवीनंतर दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एम.पी.एड. महाराष्ट्रात अमरावतीची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची संस्था, पुण्याचं आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय अशा जुन्या संस्था आहेत. चेन्नईत नंदनमचं वायएमसीए कॉलेज आहेच.

* एखाद्या खेळाचा खास कोच व्हायचं असेल तर १९६१ साली स्थापन झालेल्या पटियालाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम. त्याला ‘एनआयएस कोच’ म्हणतात. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो.

* कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं असेल तर शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि नेट किंवा सेटसारखी पात्रता परीक्षा. शिवाय धावण्याची चाचणी! तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापावं लागतं. स्त्रियांसाठी आणि वाढत्या वयासाठी वेगळे निकष आहेत.

* स्वतः फार मोठा खेळाडू असण्याची गरज नाही. पण खेळलेलं असायला हवं, हरलेलं असायला हवं आणि लहान मुलांची चिडचिड सोसण्याची ताकद हवी.

खरं सांगायचं तर कायमच्या जागा थोड्या आहेत. पुष्कळ कोच कंत्राटावर, ठराविक मानधनावर वर्षानुवर्षं काम करतात. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा, संध्याकाळी वसाहतीतल्या मुलांचा क्लास, अशी कसरत असते. लग्न जमवताना ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘कोच आहे’ हे उत्तर अजून पुरेसं होत नाही. हे सगळं मुलासमोर मोकळेपणाने मांडा. त्याला घाबरवण्यासाठी नव्हे, तयारीनिशी उतरता यावं यासाठी. एखादी पदवी, एखादं जोडकौशल्य, जसं प्रथमोपचार, फिजिओथेरपीची ओळख किंवा खेळाच्या आकडेवारीचं विश्लेषण, हाताशी असेल तर पाय टेकायला जागा राहते.

आणि मुलासाठी कोच निवडताना

तुमचं मूल कोच होणार नसेल, नुसतं खेळणार असेल, तरी काही गोष्टी पाहाच.

* सराव पालकांना बघू देतात का? दार बंद करून होणारा सराव नको.

* मुलींच्या संघासोबत प्रवासात महिला कोच किंवा व्यवस्थापक असते का?

* पाय मुरगळला तर बर्फ, पट्टी, प्रथमोपचाराची पेटी कोर्टावर आहे का?

* कोच चुकीवर बोट ठेवतो की मुलाच्या रंगावर, वजनावर, आई-बापावर? पहिलं शिकवणं आहे, दुसरं अपमान.

* परीक्षेच्या दिवसांत सराव कमी करतो का?

* संघातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूशी कसा बोलतो? कोच ओळखायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमचं मूल सामना हरून घरी आलं, तर दुसऱ्या दिवशी सरावाला जायला त्याचे पाय मागे ओढतात का? ओढत नसतील, तर त्या कोचला सोडू नका.

आज एक फोन करा

नेस्मिथ यांच्या नावावर साठ पराभव आहेत. वुडन सर सोळा वर्षं मोजे शिकवत राहिले. हॅरी बक यांनी परक्या उन्हात शिक्षकांना शिकवलं. यांच्या कारकिर्दीचा खरा निकाल मैदानावरच्या फळ्यावर कधी लागलाच नाही. तो लागला वीस-पंचवीस वर्षांनी, कुणाच्या तरी घरात, ऑफिसात, दुसऱ्या एखाद्या कोर्टावर.

तुमच्याही आयुष्यात असा कोणीतरी असेल. शाळेतले पी.टी.चे सर, तालमीतले वस्ताद, खो-खोच्या मॅडम. कदाचित तुम्ही त्यांना घाबरत होता. कदाचित त्यांनी तुम्हाला कधी शाबासकी दिली नसेल. आता ते निवृत्त झाले असतील, गुडघे दुखत असतील, तरी सकाळी साडेपाचला जाग येतच असेल.

त्यांचा नंबर शोधा आणि आज फोन करा. काय बोलायचं सुचलं नाही तरी चालेल. “सर, मी बोलतोय, ओळखलंत का?” एवढंच म्हणा. ते ओळखतील. आणि पहिला प्रश्न विचारतील तो बहुधा हाच असेल, “काय रे, व्यायाम करतोस ना अजून?”

आणि हो, जेवताना तुमच्या मुलाने तो कोच व्हायचा विषय काढला तर लगेच नाही म्हणू नका. त्याला आधी विचारा, “हरायला जमेल का तुला?” तो थोडा वेळ विचार करून हो म्हणाला, तर सकाळी साडेपाचचा गजर लावून द्या.